माळाची दुबार पेरणी



मृग तोंडावर आला की आमच्या खात्यातल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "साहेब, पेरणी कधी धरू?" हा एक, आणि "बियाणं कुठलं घेऊ?" हा दुसरा. या दोन्हींवर या सदरात पुष्कळ लिहून झाले आहे. आज तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, जो कोणी विचारीत नाही. गावच्या गायरानात, डोंगराच्या कडेला, जिथे झाडी संपते आणि गवत सुरू होते, तिथल्या मातीत आधीच किती बी पडलेले असते? आणि पाऊस त्या बियांचे काय करतो?

खरे सांगायचे तर बी. एस्सी. ॲग्री होऊन नोकरीत इतकी वर्षे काढली तरी मलाही हा प्रश्न पडला नव्हता. तो न पडल्यामुळे एका गावाचे नुकसान झाले. ते आधी सांगतो.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर ते गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गावकरी हा अंक वाचतात आणि आजही मला चहा पाजतात. गावच्या गायरानाच्या वरच्या बाजूला हिरडा, ऐन, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या आहेत. त्याखाली कुसळी आणि पवन्या गवताचे कुरण. गुरे बारमाही मोकाट सुटत असल्यामुळे गवत पार बुडख्याला आले होते. २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रामसभेत ठरले की, कुरण सुधारायचे. मीच पुढाकार घेतला. वैशाखात ट्रॅक्टर लावून सगळा माळ नांगरला, कुळवला आणि मारवेल व स्टायलोचे विकतचे बी आणून ठेवले.

नांगरट चालू असताना एक आजी शेळ्या घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, ह्या मातीत आदीच बी हाय. त्याच्या टायमाला ते उटंल. नांगूर कशाला घालताय?"

मी हसून म्हणालो, "आजी, नुसत्या भरवशावर चारा येत नसतो."

त्या काही बोलल्या नाहीत. माळाच्या मध्यावर म्हसोबाचे ठाणे आहे. त्याच्या भोवतालची दोन-तीन गुंठ्यांची पट्टी तेवढी नांगरायची राहिली, कारण देवाच्या जागेत नांगर घालायला ट्रॅक्टरवाला तयार होईना.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस चांगला लागला. आम्ही बी फोकले. आठ-दहा दिवसांत सगळा माळ पोपटी झाला. मी फोटो काढून वरिष्ठांना पाठवले. पुढे जुलैत मोठी उघडीप पडली. दोन बोटे मुळी गेलेली रोपे उन्हात कोळपली. आषाढी एकादशीपर्यंत माळ पुन्हा तांबडा दिसू लागला. नंतर पाऊस परतला तेव्हा जे उगवले ते पाहून मी मनातून खचलो. टाकळा आणि गाजर गवत! गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. हिरवेगार गवत होते ते फक्त म्हसोबाच्या पट्टीत. त्या दिवाळीला गावाने वैरण विकत घेतली, आणि एका घराला तर दुभती गाय विकावी लागली.

मी आजींच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "आमी दुबार पेरणीला बी राखून ठेवतो का न्हाई? माळबी ठेवतो. तुमी त्याचं समदं बी एकदम उकरून उनात घातलं, सायेब."

पदवीच्या चार वर्षांत जे मनावर ठसले नव्हते ते त्या एका वाक्याने ठसले. आज त्याचाच उलगडा करतो.

मातीतली कणगी

प्रत्येक माळाच्या आणि रानाच्या मातीत बियांचा साठा असतो. त्यातले बहुतेक बी वरच्या चार बोटे मातीतच असते. त्याहून खोल गेलेले बी एक तर मरते, नाही तर कोणी वर आणीपर्यंत निजून राहते. हा साठा म्हणजे आपल्या घरातल्या कणगीसारखाच. फरक इतकाच की, घरातल्या कणगीत एकाच जातीचे धान्य असते, आणि या कणगीत पन्नास जातींचे बी मिसळलेले असते. शिवाय त्या पन्नास जातींची आयुष्ये वेगवेगळी.

काही बिया अगदी अल्पायुषी. जांभूळ, आंबा, फणस ही फळे पावसाच्या तोंडावर पिकतात. त्यांच्या बीत ओल असते. ती ओल गेली की बी मेले. निंबोळीही थोड्याच आठवड्यांत उगवण गमावते. अशा झाडांचा मातीत साठा होतच नाही. पडले, पाऊस मिळाला, उगवले. नाही मिळाला तर संपले.

दुसरी मंडळी मध्यम आयुष्याची. कुसळीसारखी आपली चाऱ्याची गवते यांत येतात. यांचे बी दसऱ्यानंतर झडते, पण लगेच उगवत नाही. काही महिने त्याला झोप असते. ही झोप फार शहाणपणाची आहे, कारण त्यामुळे मधल्या अवकाळी पावसाला बी फसत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यातले पुष्कळसे उगवते आणि थोडे त्याच्या पुढच्या वर्षासाठी उरते. त्यापलीकडे या गवतांचा साठा फारसा टिकत नाही.

तिसरी जात चिवट. टाकळ्याचे आणि बाभळीचे बी कठीण कवचाचे असते. पाणी आत शिरायलाच वर्षे लागतात. सागाचे फळही असेच घट्ट. रोपवाटिकेत ते पुनःपुन्हा भिजवून आणि उन्हात वाळवून तयार करतात. रानात हेच काम एकामागून एक पावसाळे करतात, म्हणून सागाचे काही बी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उगवते. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला तर पंधरा-वीस वर्षे मातीत दबा धरून बसू शकतो. अमेरिकेतील मिशिगन येथे बील नावाच्या प्राध्यापकाने १८७९ साली तणांच्या बिया बाटल्यांत घालून जमिनीत पुरल्या होत्या. त्यातील एक बाटली २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी उकरली, तर एका रानफुलाच्या बिया त्यातही उगवल्या!

यातून एक कडू गोष्ट निघते. मातीत दीर्घकाळ टिकणारे बी बहुधा आपल्या गुरांच्या उपयोगाचे नसते, आणि उपयोगाचे बी फार काळ टिकत नाही. दोन-तीन वर्षे चांगल्या गवताला बी धरू दिले नाही, तर कणगीत उरतो तो टाकळा. माझ्या नांगराने वर आणला तो तोच.

पाऊस काय काय करतो

आपण म्हणतो की पावसाने बी उगवते. ते खरे आहे, पण अर्धेच. पाऊस मातीतल्या बियांशी पाच प्रकारे वागतो, आणि तो किती पडला यापेक्षा कसा पडला याला अधिक महत्त्व आहे. नक्षत्रांच्या क्रमानेच पाहू.

वळीव : वळवाच्या सरी बी उगवीत नाहीत, पण पेरतात. कुसळीचे कुसळ सर्वांनी पाहिले आहे. मेंढ्यांच्या लोकरीत आणि आपल्या धोतर-लुगड्यात ते रुतते. बीला खाली अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेली लव, आणि वर लांब पिळदार शेपूट. हवेत ओल आली की पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो. असे करीत करीत ते बी स्वतःला मातीत गिरमिटासारखे घुसवते. मागची लव त्याला परत वर येऊ देत नाही. पुढे माळाला वणवा लागला तरी वर पडलेले बी जळते आणि असे आत शिरलेले वाचते.

मृग-आर्द्रा : आपण शेतकऱ्याला सांगतो की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. निसर्गाने काही रानबियांना हाच नियम घालून दिला आहे. त्यांच्या टरफलात उगवण रोखणारा अंश असतो. हलक्या सरीने तो धुऊन जात नाही. मातीत चांगली ओल उतरेल इतका पाऊस झाला म्हणजेच तो धुतला जातो आणि बीला मोकळीक मिळते. शिवाय सगळे बी एकाच सरीत उठत नाही. कोणी खोल असते, कोणी दगडाच्या आडोशाला, कोणाचे टरफल जाड, कोणी यंदाचे तर कोणी गतवर्षीचे. म्हणून काही उगवते आणि काही मागे राहते. मागे राहिलेले बी हीच माळाची दुबार पेरणी.

उघडीप : येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. बीने पाणी पिऊन ते फुगले, पण कोंब बाहेर येण्याआधी ऊन पडले, तर पुष्कळ बिया पुन्हा सुकून निजतात आणि जगतात. आपण बी भिजवून, सावलीत सुकवून पेरतो ते याच गुणावर. परंतु एकदा मुळी बाहेर पडली की परतीचा रस्ता बंद. मग पाणी नाही तर मरण. माळ न नांगरलेला असेल तर उघडिपीत तेवढीच रोपे मरतात जेवढी उठली होती. नांगरून ठेवला असेल तर उजेड, हवा आणि ओल मिळून पुष्कळसे बी एकदम उठते आणि उघडीप ते एकदमच नेते. शिवाय जुने ठोंब नांगराने आधीच उपटून टाकलेले असतात. म्हसोबाच्या पट्टीत बी होते आणि ठोंबही होते. माझ्या नांगरटीत दोन्ही गेले.

पुनर्वसू-पुष्याची झड : सततची ओलही बीला मारते. दमट, उबदार मातीत बुरशी चढते आणि कच्चे, दुखावलेले बी कुजते. झाडीच्या बाजूला पालापाचोळ्याखाली हे अधिक होते. दुसरे म्हणजे वाहते पाणी. उघड्या उतारावर जोराची सर आली की मातीबरोबर बीही खाली निघते. दगड, ठोंब, शेणाचा पो, झाडाचे बूड, बांध जे आडवे येईल तेथे ते थांबते. पावसाळ्यात माळावर हिरवी बेटे दिसतात, त्यांतली पुष्कळशी अशी वाहून आलेल्या बियांची असतात. काही आडवे आलेच नाही तर तुमच्या गावचा चारा ओढ्याने खालच्या गावच्या तळ्यात जातो.

हस्त-चित्रा : हा कणगी भरणारा पाऊस. भाद्रपद-आश्विनात गवत फुलोऱ्यावर येते. त्या वेळी ओल असली तर दाणा भरतो. परतीचा पाऊस चुकला तर नुसते पोचट तूस. वरून सगळे सारखेच दिसते, म्हणून बी चोळून, दाताखाली धरून पाहावे. जूनचा पाऊस सर्वजण मोजतात, पण पुढच्या वर्षीचे कुरण ठरते ते या पावसावर.

आता पावसाची तऱ्हाही बदलली आहे. मोठ्या सरी आणि मोठ्या उघडिपी हे आपण सर्वच अनुभवतो. २०२३ सालचा ऑगस्ट महिना तर संपूर्ण देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा काळात ज्या मातीत राखीव बी आहे ती माती सावरेल, आणि जिची कणगी रिकामी आहे ती सावरणार नाही.

झाडी आणि गवत यांची शिव

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवर वाईला आलो की तो हजाराच्याही आत येतो. इतक्या थोड्या अंतरात जांभूळ-अंजनाचे दाट रान संपते आणि गवताचे उघडे माळ लागतात. या दोहोंच्या मधली जी पट्टी, ती ना पुरती रानाची ना पुरती माळाची. ती एका जागी राहत नाही. ओळीने चार वर्षे पाऊस बरा झाला की झाडांची रोपे माळात उतरतात. दुष्काळ पडला, वणवा लागला की मागे हटतात. पाऊस, आग, गुरे आणि कुऱ्हाड ही सर्व मिळून ही शिव हलवीत असतात.

या पट्टीतल्या मातीत दोन्हींकडचे बी येते. गवताचे बी वारा आणि पाणी आणते. करवंदे, जांभळे खाऊन पाखरे एकट्या-दुकट्या झाडावर बसतात आणि त्याखाली विष्ठेतून बी टाकतात. मात्र त्याच वाटेने घाणेरीही येते, हे विसरू नये. पाऊसही येथे दोन तऱ्हांनी वागतो. तीच एक सर, पण झाडाच्या सावलीत मातीची वरची ओल दिवस-दोन दिवस जास्त टिकते, तर उघड्यावर लगेच पापुद्रा धरतो. म्हणून उघडिपीत सावलीतली रोपे तग धरतात. उलट पालापाचोळ्याच्या जाड थरात गवताचे बारीक बी मातीपर्यंत पोचतच नाही आणि त्याला उजेडही मिळत नाही. ज्याचे त्याला मानवते.

व्यवहाराच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, रानातल्या पुष्कळ झाडांचे बी मातीत साठून राहत नाही. ती झाडे परत येतात ती बुडख्याच्या फुटव्यातून, नाही तर जवळच्या मातृवृक्षाच्या ताज्या बीपासून. शिवेवरचे मोठे जांभूळ तोडले तर पुढे कितीही पाऊस झाला तरी त्या मातीतून जांभूळ उठणार नाही. दुसरी, गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तो आपल्या जागी पुरा आहे. दिसला माळ की खड्डे घेऊन झाडे लावा, हा हट्ट बरा नाही.

घमेल्यातली परीक्षा

मातीत काय आहे हे नुसते पाहून कळत नाही. ते उगवूनच पाहावे लागते. चार्ल्स डार्विनने एका तळ्याच्या कडेचा फक्त तीन मोठे चमचे चिखल घरी आणून ठेवला होता. सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपे निघाली. १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने हे नमूद केले आहे. त्याची रीत आपल्या ओसरीवर सहज करता येते. शाळेतल्या मुलांना तर हा खेळच वाटेल.

पाऊस लागण्यापूर्वी गायरानात प्रत्येक तऱ्हेच्या जागी दहा ठिकाणी दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल अशी माती काढावी. झाडीखालची, शिवेवरची आणि उघड्या माळाची माती वेगवेगळी ठेवावी. प्रत्येक ढिगातले दगड वेचून, माती नीट मिसळून सारखे दोन भाग करावेत आणि ते भोके पाडलेल्या दोन घमेल्यांत वाळूच्या थरावर दोन-अडीच सेंटिमीटर जाड पसरावेत. घमेली अर्धवट सावलीत ठेवून वरून विरळ फडके बांधावे, म्हणजे बाहेरचे बी पडणार नाही. शेजारी एका घमेल्यात नुसती भाजलेली वाळू ठेवावी. तीत काही उगवले तर ते बाहेरून आले असे समजावे.

आता पहिल्या घमेल्याला रोज पाणी शिंपडावे. दुसऱ्याला पाच दिवस पाणी द्यावे, पुढे पंधरा दिवस थेंबही देऊ नये, आणि मग पुन्हा रोज द्यावे. म्हणजे हा खोटा मृग आणि ही उघडीप. उगवलेले रोप ओळखू आले की वहीत लिहून उपटावे. दुसऱ्या घमेल्यात मात्र उघडीप संपेपर्यंत उपटू नये. कोणते मेले आणि कोणते तगले ते पाहावे. दीड-दोन महिने हे चालवावे. पहिल्या घमेल्यातले उगवणे थांबले की आठवडाभर माती सुकवून, हलवून, पुन्हा भिजवावी. मागे राहिलेले काही बी तेव्हा उठते. अर्ध्या मातीत आलेल्या आकड्याला वीसने गुणले की एका चौरस मीटरला किती बी उठले ते कळते.

पहिल्या घमेल्यात पवन्या, मारवेल, कुसळी भरपूर आली तर विकत बी आणण्याचे कारण नाही. जागा राखली की पुरे. दुसऱ्या घमेल्यात उघडिपीनंतरही गवत उठले तर मातीत दुबार पेरणीचे बी शिल्लक आहे. आणि दोन्हींत टाकळा व गाजर गवतच माजले तर नांगराला हात लावू नये. तेथे चांगले बी बाहेरून आणावे लागेल, पण ते माती न उलथता.

गायरान राखणाऱ्यांसाठी

१. सगळा माळ एकदम नांगरू नये. सलग समतल चर घेण्यास हरकत नाही. ते पाणीही अडवतात आणि वाहते बीही. मात्र दोन चरांमधली जमीन आणि गवताचे ठोंब जसेच्या तसे राहू द्यावेत.

२. गायरानाचे तीन-चार भाग पाडून दर वर्षी एक भाग बी झडेपर्यंत राखावा. गवत कापताना बाकीच्या भागांतही उताराच्या आडव्या, हात-दोन हात रुंद पट्ट्या न कापता ठेवाव्यात, वरच्या अंगाला विशेषकरून. बी पाण्याबरोबर खालीच येणार आहे.

३. गुरे मोकाट सोडण्याऐवजी विळ्याने कापून वैरण आणावी. हिवरे बाजारने चराईबंदी करून हाच मार्ग धरला, आणि तेथे पाऊस आपल्या या भागाहून कमीच आहे.

४. बी टाकायचेच असेल तर ते पोचट नाही ना पाहून, ओल्या माती-शेणात कालवून, ठोंबांच्या मधल्या उघड्या जागीच टाकावे. सगळे एका दिवशी टाकू नये. निम्मे पहिल्या भरवशाच्या पावसावर, निम्मे पुढच्यावर.

५. शिवेवरची फळझाडे तोडू नयेत, आणि त्यांच्याखाली आलेली घाणेरी फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढावी.

शेतासाठी आणि घरासाठी

आता गंमत पाहा. जो डाव माळावर घातक ठरला तोच शेतात कामी येतो. शेतात आपल्याला तणाची कणगी रिकामीच करायची असते. म्हणून कुळवून ठेवलेल्या रानावर पहिला पाऊस झाला की लगेच पेरण्याची घाई करू नये. तण उठू द्यावे आणि उथळ कुळवाची पाळी देऊन मोडावे. वाफसा आणि दिवस हाती असतील तर दुसरी पाळी द्यावी, मगच पेरावे. पाळी खोल दिली तर खालचे निजलेले बी वर येते आणि केलेले काम फुकट जाते.

टारफुल्याचे एक झाड हजारो बिया टाकते, म्हणून तो फुलण्यापूर्वी उपटणे हाच खरा उपाय. गाजर गवताचेही तेच. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले. त्याचे एक झाड पंधरा-वीस हजार बी देऊ शकते, आणि ओल मिळाली की ते कोणत्याही महिन्यात उगवते. फुलावर आल्यावर उपटून बांधावर टाकले तर ते आपणच पेरले म्हणायचे.

घरचे बियाणे राखणाऱ्या माय-बहिणींसाठी एक हिशेब सांगतो. धान्याच्या बीमधला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून पेरणीचे बी चांगले वाळवून, राखेत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, पावसाची हवा लागणार नाही असे ठेवावे. मातीतले बी पावसाच्या हवाली असते, कणगीतले आपल्या.

शेवटी त्या गावाविषयी. दुसऱ्या वर्षीही माळ टाकळ्यानेच भरला. नंतर गावाने पाळी लावून माळ राखायला सुरुवात केली, आणि टाकळा फुलण्यापूर्वी कापण्यासाठी घरटी एक माणूस येऊ लागला. तिसऱ्या पावसाळ्यात पवन्या आणि कुसळी दिसू लागली. कुठे, तर म्हसोबाच्या पट्टीच्या बरोबर खालच्या अंगाला, पाणी वाहते त्या रेषेने. वरच्या अंगाला आणि बाजूला अजूनही मोकळी ठिकाणे आहेत. जे काम नांगराने दोन दिवसांत केले ते निस्तरायला इतकी वर्षे लागत आहेत.

गेल्या पावसाळ्यात आजींना म्हटले, "आजी, तुमचं ऐकलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "आता ऐकतोयास न्हवं, मग झालं तर."

यंदा रोहिणी निघण्यापूर्वी आपल्या गावच्या गायरानातली माती घमेल्यात घालून पाहा. कोणत्या मातीत किती आणि काय उगवले, ते पोस्टकार्डावर लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. रोप ओळखता आले नाही तर वहीच्या पानांत दाबून, वाळवून सोबत पाठवा. जमेल तितक्यांची नावे कळवीन.